कुशीवर निजलेली होडी

टेलरकाकूंनी जन्मभर माणसं मापली. उंची, छाती, कंबर, बाही. गावातलं कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलाय, हे काकूंच्या टेपला डॉक्टरच्या आधी कळायचं. पण टेप चुगली करत नाही, आणि काकूंनीही कधी केली नाही. गेल्या वर्षीचा कोट यंदा बसत नाही म्हणून कुणी तोंड पाडून आलं, तर त्या म्हणायच्या, कापड आटलंय हो, आणि आत दुमडलेलं कापड गुपचूप मोकळं करून द्यायच्या. या एका थापेवर त्यांनी गावातली कितीतरी जाड माणसं सुखात ठेवली होती.

गाव समुद्रापासून फार लांब, डोंगरांच्या आतल्या अंगाला. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली आणि मध्ये कापायचं टेबल. टेबल एवढं मोठं की ते खोलीत आणलेलं नव्हतं, खोलीतच बांधलेलं होतं. त्यावर खाकी कागद पसरायचा, मापं टिपून घ्यायची आणि रेघ ओढायची. ती रेघ बघायला लोक दारात थांबायचे. काकू एक पाय पुढे टाकायच्या, श्वास आत घ्यायच्या, आणि काखेचा गोल, बरगडीचं वळण, कंबरेची खोच एका दमात कागदावर उतरायची. गिऱ्हाईक केव्हाच घरी गेलेलं असायचं, पण त्याचं अंग कागदावर श्वास घेत पडलेलं दिसायचं.

मग उजव्या हाताचा अंगठा बिघडला. इतक्या वर्षांच्या कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी घर केलं होतं. सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागला, काज वाकडं जायला लागलं, आणि डॉक्टरांनी कात्री सोडा म्हणून सांगितलं. काकूंनी दुकानाला कुलूप लावलं.

पण हात रिकामा राहिला की तो घरात खोड्या काढतो. पडद्यांच्या शिवणी काकूंच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. उशांचे अभ्रे त्या उसवायच्या आणि परत शिवता येत नाही म्हणून तसेच घडी घालून ठेवायच्या. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उभं राहून ती घरी यायची आणि अभ्रा नसलेल्या उशीवर डोकं टेकायची. एका रविवारी मात्र तिनं सासूच्या हातात एक वही आणि पेन्सिलींचा डबा ठेवला. म्हणाली, उशा संपल्या आई, आता माझ्याबरोबर चला.

सून एका चित्रकार मंडळींच्या गटात होती. चित्रकार म्हणजे तसे हौशी. शाळेतले चित्रकलेचे सर त्यांचे पुढारी. रविवारी सगळ्यांनी मिळून कुठल्यातरी चौकात, बाजारात, स्टेशनाबाहेर बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. त्यांचे नियम कडक. जागेवरच काढायचं, फोटो बघून नाही. खोडरबर आणायचा नाही. आणि शेवटी सरांनी आणलेल्या खाकी कागदाच्या रुळातून, म्हणजे लांब गुंडाळीतून, एक पट्टी जमिनीवर अंथरायची, त्यावर सगळ्यांनी आपापल्या वह्या उघड्या मांडायच्या, आणि कंबरेत वाकून एकमेकांची चित्रं बघत फिरायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या लोकांचं काहीतरी हरवलंय.

कितीतरी रविवार गेले, काकूंनी वही मांडली नाही. वही छोटी, तळहाताएवढी. तीत बोटांच्या टोकांनी काम करायचं, आणि तिथं अंगठा थरथरायचा. पण त्याहून मोठी अडचण मापाची होती. सर सांगायचे, हात लांब करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठा धरून माप घ्या. समोरची चार मजली इमारत पेन्सिलीवर नखाएवढी व्हायची. काकूंना ते पटेना. ज्या बाईनं आयुष्यभर चौदाचा खांदा चौदाच कापला, तिनं इमारत नखावर कशी बसवावी? त्या म्हणाल्या, "सर, हे माप नाही, ही मनाची समजूत आहे. या मापानं कापलं तर गिऱ्हाईक दुकान पेटवेल."

सगळे हसले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते गटात, त्यांना सगळे बँककाका म्हणत. ते तर खाली बसून हसले. काकूही हसल्या. पण घरी आल्यावर त्यांनी ते पान फाडलं, आणि त्याच्या आधीचंही. वही पातळ होत गेली.

मग ठरली सहल. दोन दिवस, समुद्रकाठच्या शहरात. निघायच्या दिवशी पहाटे, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून काकूंनी सुनेला थांबवलं.

"हे एक शेवटचं. या खेपेला एक तरी पान मला मांडावंसं वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर हा डबा शेजारच्या पोरीला देऊन टाक, आणि परत माझ्या हाताचा विषय घरात काढायचा नाही. मी बसेन गप्प."

सुनेनं मान डोलावली. सासू गप्प बसली म्हणजे काय होतं, ते तिनं वर्षभर पाहिलं होतं. गाडीत बाकीचे गाणी म्हणत होते, आणि ती खिडकीच्या काचेवर बोटानं उगाच रेघा ओढत होती.

शहर समुद्राच्या दिशेनं उतरत गेलेलं होतं. दोन्ही बाजूंना उंच घरं, खाऱ्या वाऱ्यानं रंग खाल्लेल्या खिडक्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. काकूंनी चालता चालता त्या कपड्यांचे गळे बघितले आणि दोनदा नाक मुरडलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. रस्ता संपला की निळं, अफाट काहीतरी अंगावर येणार म्हणून त्यांनी मन घट्ट केलं होतं.

रस्ता संपला, आणि समोर चिखल होता. दगडी धक्क्याच्या आत मोठी थोरली गोल खाडी, आणि तिच्यात पाण्याचा टिपूस नाही. करडा, चकाकणारा गाळ. त्यात पंधरा-वीस होड्या वाकड्यातिकड्या पडलेल्या, कुणी डाव्या कुशीवर, कुणी उजव्या. लांबवर, धक्क्याच्या तोंडाशी, पाण्याची एक चंदेरी रेघ तेवढी दिसत होती.

गट थोडा हिरमुसला. कुणीतरी म्हणालं, बंदर बंद पडलेलं दिसतंय. बँककाकांनी होड्यांकडे बघून ठरवूनही टाकलं की या सगळ्या भंगारात काढलेल्या आहेत. भरती-ओहोटी सगळ्यांनी शाळेत वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती, पण ती पुस्तकात. सर म्हणाले, असू दे, मोडकी होडी काढायला चांगली, दुपारपर्यंत इथंच बसू. खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर सावली होती. तळाच्या पायऱ्या हिरव्या, गुळगुळीत आणि थंडगार. मंडळी आनंदानं तिथं उतरली, बूट काढून बाजूला ठेवले, पिशव्या मांडल्या. वर कठड्यावर एक बाई जाळं सांधत बसली होती. तिनं या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पुन्हा नीट पाहिलं, आणि जाळ्यात मान घातली.

पायऱ्यांच्या शेजारीच होड्या वर ओढायचा एक रुंद दगडी उतार होता. त्याच्या पायथ्याशी एक लहान होडी कुशीवर पडली होती. काकू तिच्यासमोर बसल्या. वही उघडली, पेन्सिल धरली, आणि होडीचं नाक काढायला घेतलं. नाक काढता काढता पान संपलं. दुसरं पान घेतलं, तेही नाकातच गेलं. अंगठा ठणकायला लागला आणि रेघ मुंगीच्या वाटेसारखी वेडीवाकडी निघाली.

बँककाका वाकून बघत म्हणाले, "काकू, होडीला कोट शिवताय काय?"

"शिवीन की," काकू म्हणाल्या, "पण ट्रायलला आधी उभी राहायला सांगा तिला."

पुन्हा हशा झाला. काकूंनी वही मिटली आणि त्या उठल्या. लोकांसमोर पान फाडायला नको, एवढाच विचार होता. उगाच चार पावलं चालल्या आणि होडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. जवळून तिचं सगळं पोट दिसत होतं. काकूंनी सहज हात लावला, आणि हात तिथंच राहिला.

लांब लांब फळ्या एकीला एक लावलेल्या. पण सरळ फळी एकही नव्हती. प्रत्येक फळी टोकाला निमुळती, मध्ये रुंद, आणि कड अशी वळवलेली की दुसरीच्या कडेशी लागताच दोघींनी मिळून बाहेर फुगावं. सपाट लाकडाला पोट आलं होतं. काकूंना हे काम माहीत होतं. सपाट कापडाला छाती आणायची, खांदा आणायचा, कंबरेत आत घ्यायचं, म्हणून तर कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, कापायच्या. कुणीतरी, काकूंना कधी न भेटलेल्या कुणीतरी, एका अंगाचं माप घेऊन लाकूड कापलं होतं. अंग कुणाचं? त्यांनी दोन्ही हात फळ्यांवरून नाकापासून शेपटीपर्यंत फिरवत नेले, आणि त्यांना कळलं. हा झगा पाण्याच्या मापानं कापलेला होता. पाण्याला ना खांदा, ना कंबर, ते एका जागी उभं राहत नाही, आणि तरी कुणीतरी त्याचं माप घेतलं होतं.

त्या सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कागदाचा रूळ द्या.

सर घुटमळले. तो वह्या मांडायचा कागद होता, गटाचा. संध्याकाळी काय अंथरायचं? पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी रूळ काढून दिला, आणि कोळशाची एक जाड कांडीही.

काकूंनी उतारावर, होडीला समांतर, कागद सोडला. होडीचं नाक पाण्याकडे होतं, म्हणून त्यांनीही खालून सुरुवात केली. कडेला दगड ठेवले. पर्समधला टेप गळ्यात आला. त्या होडीजवळ जायच्या, फळीची रुंदी घ्यायच्या, परत येऊन कागदावर ठिपका द्यायच्या. सुनेला त्यांनी टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. मग पुरेसे ठिपके पडल्यावर काकू गुडघ्यांवर बसल्या, कांडी मुठीत धरली, श्वास आत घेतला आणि हात सोडला.

रेघ थरथरली नाही. अंगठ्याला तिथं कामच नव्हतं. हात खांद्यातून निघाला, पाठीतून निघाला, आणि होडीच्या नाकापासून वर चढत, फुगत, भरत, मागच्या अंगाला हळूच आत वळला. सून टेप हातात धरून बघत राहिली. सासूच्या दुकानाच्या दारात थांबणाऱ्या लोकांबद्दल तिनं ऐकलं होतं. स्वतः तिनं ही रेघ पहिल्यांदाच बघितली.

काकूंनी दुसरी फळी घेतली, मग तिसरी. गुडघ्यांवर सरकत त्या उतार चढत होत्या. ऊन फिरलं. पेन्सिलींची खरखर तेवढी ऐकू येत होती. आणि त्या खरखरीखाली दुसरा एक आवाज होता, मांजर दूध पितं तसा, तो कुणी ऐकला नाही.

पहिली हाक बँककाकांनी मारली. त्यांचा एक बूट निघाला होता. डौलात, टाच वर करून, तो खाडीच्या मध्याकडे चालला होता. मग एकच धांदल उडाली. तळाच्या पायऱ्या गायब होत्या. कुणाची पिशवी भिजली, कुणाचे रंग पाण्यात उतरले, आणि सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओढून वह्या वर फेकत सुटले. वरून जाळं सांधणारी बाई पदराआड हसू दाबत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला भिजायचंच असेल. चांगली शिकलेली दिसताय सगळी."

काकूंनी मान वर केली ती या गोंगाटानं. आणि त्यांनी जे पाहिलं, ते त्यांना पुढे कुणाला धड सांगता आलं नाही.

चिखल नव्हता. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत सगळं निळं, भरलेलं, आभाळ पोटात घेतलेलं पाणी होतं. एवढं पाणी आलं कधी? गावाकडे बादलीभर पाणी ओतलं तरी आवाज होतो. इथं अख्खा समुद्र घरात येऊन बसला होता आणि दाराची कडीसुद्धा वाजली नव्हती. आणि समोर ती होडी, सकाळपासून कुशीवर पडलेली, हलकेच डोलली, थांबली, जणू उठू की नको असं मनाशी करत राहिली, आणि उभी राहिली. सरळ. दोराच्या टोकाला तिनं सावकाश तोंड फिरवलं आणि नाक काकूंकडे केलं.

बँककाका एका बुटावर उभे होते. ते म्हणाले, "काकू, आली बरं का ट्रायलला." पण त्यांचा आवाज हसण्याचा नव्हता. खाडीतल्या सगळ्या होड्या एकामागून एक उठत होत्या, जशी निजलेली माणसं एका घरात उठावीत, आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करत होत्या. झगा पाण्यानं अंगात घातला होता, आणि तो कुठं म्हणजे कुठं चुण्या पाडत नव्हता.

"आई, कागद," सून ओरडली.

कागदाचं खालचं टोक पाण्यात गेलं होतं. सुनेनं आणि सरांनी वर ओढला, पण भिजलेला खाकी कागद तो, अर्ध्यातून अलगद तुटला. होडीचं नाक आणि पुढचं पोट असलेला तुकडा पाण्यावर पसरला, आणि पाणी त्याला खऱ्या होडीकडे घेऊन गेलं. तिच्या कडेला एकदा लागून तो खाली बसला.

सून भिजलेली कड हातात धरून उभी राहिली. गाडीच्या पायरीवरचं बोलणं तिच्या कानात होतं. इतक्या दिवसांनी आलेली रेघ अर्धी बुडाली होती, आणि उरलेल्या अर्ध्यावर चिखलाचे डाग होते. तिनं सासूकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी वह्या मांडायची वेळ झाली तेव्हा सर म्हणाले, आज कठड्यावरच मांडू. भिजलेल्या, फुगलेल्या वह्या एका ओळीत बसल्या. प्रत्येकीत पडलेल्या होड्या होत्या, आणि समोर त्याच होड्या उभ्या होत्या. ओळीच्या शेवटी काकू आल्या. काखेत गुंडाळी होती. त्यांनी ती कुणाला न विचारता जमिनीवर सोडली, कडांना चार दगड ठेवले आणि बाजूला झाल्या.

बघायला वाकावं लागलं नाही. त्या चित्राच्या बाजूनं चालतच जावं लागत होतं. सर एकदा चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग त्यांनी विचारलं, हात कुठून हलवला, काकू? काकू म्हणाल्या, खांद्यातून. सरांनी आपला हात दोनदा हवेत खांद्यातून फिरवून पाहिला.

"मांडलंत," सून हळूच म्हणाली.

"अर्धं मांडलंय," काकू म्हणाल्या. "नाक राहिलं. मला उद्या लवकर उठव." आणि त्या जाळं सांधणाऱ्या बाईकडे गेल्या. तिच्याजवळ बसून, तिच्या सुईकडे बघत, त्यांनी पाणी जातं केव्हा, येतं केव्हा, सगळं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं उठवायच्या आधीच त्या उठल्या होत्या. दोघी खाली आल्या तेव्हा शहर अजून डोळे चोळत होतं. पाणी निघालं होतं. आलं होतं तसंच, पाय न वाजवता. उताराचा एकेक दगड ओला होऊन वर येत होता. होडी अजून उभी होती, नाक परत पाण्याकडे केलेली, पण तिच्या पोटाखालचं पाणी पातळ होत चाललं होतं. काकूंनी कागद सोडायची घाई केली नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

होडी तळाला टेकली. एकदा इकडे, एकदा तिकडे कलली. मग एक लांब श्वास सोडावा तशी ती आडवी होत गेली, आणि निजली. दुसऱ्या कुशीवर. काल जे पोट काकूंनी हातानं चाचपलं होतं, ते गाळात गेलं होतं, आणि काल गाळात असलेलं पोट उन्हात चमकत होतं.

सुनेनं कालच्या गुंडाळीकडे पाहिलं. त्या अर्ध्या चित्राला आज काहीच जुळणार नव्हतं. तिला वाटलं, आता सासू वैतागणार.

काकू हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी डोळे पुसले आणि होडीकडे बघत म्हणाल्या, "असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नाही. रोज नवं माप."

त्यांनी सरांच्या रुळातला कोरा कागद घेतला, उतारावर सोडला, आणि या खेपेला वरच्या बाजूनं, होडीच्या शेपटीकडून सुरुवात केली. सुनेनं न सांगता टेपचं टोक धरलं. थोड्या वेळानं गाडीवाल्यानं वरून हॉर्न वाजवला. सर बोलवायला म्हणून खाली उतरले, आणि वाऱ्यानं कागद उडतोय असं बघून त्याच्या कडेवर पाय देऊन उभे राहिले. त्यांच्या मागून बँककाका आले, दोन वेगवेगळ्या बुटांत. कुणी कुणाला चला म्हणालं नाही. काकू गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी श्वास आत घेतला, आणि रेघ निघाली. पाणी यायला अजून पुष्कळ वेळ होता.